सगुणदादाचं कार्ड आणि दसऱ्याचं वादळ

नाटक तुम्ही सगळ्यांनी बघितलं ना? वादळ बघितलं, शिट्ट्या मारल्या, घरी गेलात. पण पडद्यामागे सायलीचा जीव कसा टांगणीला लागला होता ते कुणाला ठाऊक आहे? नाही ना? मग ऐका, आणि मधे बोलू नका.

आपल्याकडे पेडण्यात दसऱ्याला देवळापुढच्या मांडवात गावचंच नाटक असतं. आधी मागे रंगवलेले पडदे असायचे, नदी, राजवाडा, जंगल, एक ओढला की दुसरा. मग आली ती एलईडीची भिंत. गेल्या वर्षी म्हापशाहून कुणी एकाने तयार व्हिडिओ आणून लावला, आणि काय फजिती! नायिकेचं रडणं संपायच्या आत मागे सूर्य मावळला, चांदणं पडलं, आणि ती बिचारी "अजून तिन्हीसांजा झाल्या नाहीत" म्हणाली तेव्हा मागे लख्ख सकाळ. व्हिडिओ काय कुणासाठी थांबतो? लोक पोट धरून हसले, आणि ती मरणाची वेळ होती हो नाटकातली.

म्हणून यंदा कमिटीचे अध्यक्ष गोकुळदासबाब म्हणाले, "पुरे ती भिंत. कापडी पडदे काढा पेटीतले."

तेव्हा सगुणदादा उठला. सगुण म्हणजे सायलीच्या काकांचा मुलगा, मुरगावला बंदरात नोकरीला, सणावारालाच गावी येणारा, आणि नाटकात कायम मुख्य काम त्याचं. यंदा तो तेरेखोलचा तारी होता, वादळात होडी पैलतीरी नेणारा. तो म्हणाला, "बाब, सायली करील. तिचा पडदा आमच्यासाठी थांबेल."

सायली कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, दुसऱ्या वर्षाला. तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. पण सगुणदादाने सगळ्यांसमोर शब्द टाकला म्हटल्यावर ती कशी नाही म्हणणार? तिने महिनाभर बसून अख्खी तेरेखोल नदी कॉम्प्युटरात उभी केली. पलीकडे किल्ला, अलीकडे धक्का, मधे पाणी. एक बटण दाबलं की वारा, दुसरं दाबलं की पाऊस, तिसऱ्याला वीज. नट कितीही वेळ घेवोत, लाट त्यांच्यासाठी थांबणार. भारी ना?

भारी, पण चालेना. तिच्या जुन्या कार्डावर शांत नदी चालायची. तिसऱ्या अंकातलं वादळ सुरू झालं की चित्र अडखळायचं, एक लाट इथे, दुसरी थेट तिथे, मधलं गायब. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरात चित्रं काढणारा भाग, आणि इतक्या मोठ्या भिंतीवर इतका पाऊस काढायचा म्हणजे त्याची दमछाक होणारच.

तिने सगुणदादाला फोन केला, तर हा पठ्ठ्या दसऱ्याच्या आदल्या रविवारी स्वतःच्या कॉम्प्युटरातलं कार्ड काढून घेऊन आला! टॉवेलात गुंडाळलेलं, मुरगावपासून बसमध्ये मांडीवर धरून, जसं कुणी तान्हं मूल आणावं. त्या कार्डात त्याचा किती जीव आहे हे घरात सगळ्यांना माहीत. बंदरातली पाळी संपली की त्याच्यावर गेम खेळणं, हीच त्याची चैन. त्या कार्डाला तो कुणाला बोट लावू देत नाही.

"दादा, आणि जळलं तर?" सायलीने विचारलं.

"जाळू नको म्हणजे झालं," तो हसला. मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "हे बघ, नुसतं लावून भागायचं नाही, थोडं कमी पडेल. पळवावं लागेल. पळव. पण व्होल्टेजला हात लावू नकोस. आणि पंच्याऐंशीच्या वर ताप गेला तर हात काढ, नाटक गेलं खड्ड्यात. दसरा झाला की सोमवारी मला कार्ड जसंच्या तसं परत हवं."

बरोबरच बोलला होता तो. सगुणदादाच्या कार्डावरही वादळ जरासं अडखळायचं. सेकंदाला तीस चित्रं हवीत, तर अठ्ठावीसच यायची. थोडक्यासाठी सगळं राहत होतं. मग सायलीने ते ओव्हरक्लॉक करायला घेतलं. कारखान्यात प्रत्येक कार्डाला एक वेग ठरवून दिलेला असतो, त्याहून जरा जास्त पळवायचं. एकदम आकडा चढवला की कार्ड गारद. म्हणून ती अगदी मुंगीच्या पावलाने गेली. जरासा वेग वाढवायचा, वादळ चालू करायचं, आणि तापमानाकडे बघत बसायचं. ठीक चाललं तर आणखी जरासं. पंखे जास्त जोरात फिरायला लावले. कॉम्प्युटरच्या बाजूचं झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावला.

एका टप्प्याला नदीत हिरवे ठिपके चमकायला लागले, काजव्यांसारखे. दिसायला छान, पण तीच कार्डाची कुरकुर. "आता पुरे," असं ते म्हणतं तेव्हा असे ठिपके दिसतात. सायली लगेच दोन टप्पे मागे आली. तिथे वादळ तासन्‌तास चालवून बघितलं. ताप चौऱ्याहत्तरला जाऊन जो बसला तो बसला. लाटा अशा वळत होत्या की तिची आई देवकी पदर सावरून म्हणाली, "बाय, पाणी भायर येयत गो!"

त्या वेगाला सायलीने नाव दिलं 'वादळ', एका क्लिकवर लागेल असं ठेवलं, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा शांत झोपली.

आता दसऱ्याची सकाळ. आयुधपूजा कुठल्या घरात नसते? देवकीकाकूने कोयता, विळा, शिलाई मशीन, स्कूटर सगळं ओळीने पूजलं. सायली आंघोळ करून येते तर कॉम्प्युटरलासुद्धा रोजांची, म्हणजे झेंडूची, भलीमोठी माळ. पुढे उदबत्ती.

"आई! त्याला नको म्हटलं होतं ना!"

"हळद-कुंकू लावलंय काय? नाय मगे. गेल्या वर्षी तू बोंबललंस म्हणून नुसती माळ घातली. आणि परक्याची वस्तू घरात असा, तिची पूजा आदी करूक व्हयी. सगुणाचा तां कार्ड तुझ्या भरवशावर हा ना?"

खरं म्हणजे सायलीलाही आतून बरंच वाटलं. संध्याकाळी कॉम्प्युटर मांडवात न्यायचा तर आईनेच देवाची क्षमा मागून माळ काढली. मधेच कुठेतरी अडकली, तिने जरा ओढली, निघाली. सायलीने बाजूचं झाकण लावलं, स्क्रू पिळले, आणि मांडीवर कॉम्प्युटर घेऊन रिक्षात बसली.

इथे काय झालंय ते आत्ताच तुमच्या लक्षात आलं असेल तर गप्प बसा. तिच्या नव्हतं आलं.

नाटक सुरू झालं. सायली भिंतीच्या मागे, एका टेबलापाशी; घरचा टेबलफॅन शेजारी, पण मांडवातल्या धुळीमुळे झाकण लावलेलंच. शेजारी तिची मैत्रीण शीतल, रंगभूषेची पेटी घेऊन. पहिला अंक, नदी शांत, किल्ल्यावर ऊन. पुढे टाळ्या ऐकू येत होत्या. सायलीने सवयीने तापमान बघितलं, आणि पुन्हा एकदा बघितलं. सत्तर. शांत नदीला सत्तर? घरी शांत नदीला पंचावन्नच्या वर जात नव्हतं.

"गरम होत असेल मांडवात," शीतल म्हणाली. "केवढी गर्दी आहे!"

दुसरा अंक. जरासा वारा, एवढंच. अठ्ठ्याहत्तर. मग ऐंशी. समोरच्या फटीतून सायलीला सगुणदादा दिसत होता, वल्ही खांद्यावर टाकून जोरात संवाद म्हणत होता, खुशीत, निर्धास्त. आणि इथे त्याचं कार्ड भाजून निघत होतं.

सुरुवातीपासून लावून ठेवलेला 'वादळ'चा वेग तिने काढून टाकला. कार्ड परत कारखान्याच्या वेगावर आणलं. आता उतरायला हवं ना? ती आकड्याकडे डोळे लावून बसली. एक्याऐंशी. ब्याऐंशी.

"शीतल, मी कार्ड मारलं गो," ती पुटपुटली. "मी पळवलं ना, आतून काहीतरी गेलं त्याचं."

"अगं रडतेस काय, बटण दाब, तो वारा म्हणतोय!"

वारा सोडला. त्र्याऐंशी. कसाबसा अंक संपला आणि मध्यंतर झालं. सायलीने विचारही केला नाही, तिथल्या तिथे कॉम्प्युटर बंद केला. भिंत निळी पडली आणि वर मोठ्या अक्षरांत आलं, 'सिग्नल नाही.'

नेमके त्याच क्षणी गोकुळदासबाब आभाराचं भाषण करायला स्टेजवर आले. हात जोडून उभे, आणि त्यांच्या डोक्यावर तेवढे ते दोन शब्द.

"बाब, तुमका सिग्नल नाय!" मागून कुणीतरी ओरडलं आणि अख्खा मांडव हसला.

सायलीला हसू कुठलं यायला! तिने झाकणाचे स्क्रू काढायला घेतले. घाईत दोन स्क्रू खाली पडून हरवले. झाकण निघालं, आतून गरम हवेचा झोत तोंडावर आला, आणि त्याबरोबर वास. ती थबकली. जळलेल्या प्लास्टिकचा वास येईल अशी भीती तिला होती, पण हा तर ओळखीचा वास होता. सकाळी देवघरात येतो तसा. कालची फुलं समईच्या वातीजवळ राहिली की करपतात ना, अगदी तसा.

"शीतल, टॉर्च धर. खाली, कार्डाच्या पंख्यांवर."

शीतलने मोबाइलचा टॉर्च धरला. दोन पंखे. एकाच्या पात्यात केळीच्या सोपाचा दोरा गुंडाळलेला, आपल्याकडे माळ ओवतात ना तोच, आणि त्याच्या टोकाला एक अख्खं झेंडूचं फूल पंखा आणि कडा यांच्या मधे घट्ट बसलेलं. अर्धं पिवळं, अर्धं करपून काळं.



"काकूने माळ आत घातली होती?" शीतल म्हणाली.

आता सायलीला सगळं दिसलं. झाकण तिनेच काढून ठेवलेलं. आईने बघितलं, आत एक वस्तू आहे, तीच सगुणची, पूजा तिची करायची. मग माळ बाहेरून कशाला? थेट कार्डाच्या गळ्यात! आणि काढताना ओढली तेव्हा एक फूल आणि वीतभर दोरा आतच राहिला. कार्ड बिचारं संध्याकाळपासून एकाच पंख्यावर दम काढत होतं.

"चिमटा दे! मिशा चिकटवायचा!"

शीतलने पेटीतून चिमटा काढून दिला. सायलीने आधी फूल हळूच सोडवलं, मग दोरा, एकेक वेढा उलटा फिरवत, पात्याला धक्का न लावता. शेवटचा वेढा सुटला. तिने बोटाने पातं जरासं ढकललं. गरगर फिरलं. अडथळा नाही, खरखर नाही.

पण कार्ड जिवंत आहे की नाही ते चालू केल्याशिवाय कसं कळणार? तिने भिंतीची वायर काढून ठेवली, म्हणजे जे काय व्हायचं ते छोट्या पडद्यावरच होईल, लोकांना दिसायला नको. देवाचं नाव घेतलं. बटण दाबलं.

काळा पडदा. काळाच. शीतलने तिचा दंड घट्ट धरला. अजून काळा. मग कोपऱ्यात एक चिन्ह फिरायला लागलं, आणि नदी आली. किल्ला आला. शांत पाणी, त्रेपन्न.

सायलीने हुंदका दिला की ती हसली ते शीतललाही कळलं नाही.

"चल, झालं!" शीतल म्हणाली. "लाव आता भिंतीला."

"थांब. वादळाचं काय?"

"अगं बाई, परत पळवणार तू त्याला? नको गो! अडखळूदे वादळ. लोकांना काय कळतंय?"

सगुणदादाचे शब्द सायलीला आठवत होते, हात काढ, नाटक गेलं खड्ड्यात. पण तिने वेग चढवला होता तो विचार करून. ठिपके दिसले तिथून मागे आली होती, तासन्‌तास बघितलं होतं. वेगाचा दोष नव्हताच, दोष होता फुलाचा. मात्र आता नुसत्या तेवढ्यावर विसंबून चालणार नव्हतं. पंख्याला इजा झाली असेल तर?

"आधी इथे चालवून बघते. छोट्या पडद्यावर. ठीक वाटलं तर लावीन, नाहीतर नाही. पण वेळ लागेल शीतल. बाबचं भाषण संपत आलं."

खरंच संपत आलं होतं. गोकुळदासबाब मंडपवाल्याचे आभार मानत होते, त्यानंतर फक्त चहावाला राहायचा. आजवर त्या माणसाचं भाषण लांबावं असं गावात कुणाला वाटलं असेल? पण शीतलचं डोकं बघा! ती विंगेत धावली आणि हळूच म्हणाली, "बाब, मोपाच्या पहिल्या विमानाचं सांगायचं राहिलं!"

संपलं. मोपाच्या विमानतळावर पहिलं विमान उतरलं तेव्हा बाब आपल्या काजूच्या बागेत कसे उभे होते, विमान कुठून आलं, कसं वळलं, वैमानिकाने त्यांना नक्की हात केला की नाही, हे अख्ख्या पेडण्याला पाठ आहे. बाब खुलले. लोक "पुरे, पुरे" करायला लागले. बाबना वाटलं, वाहवा चालली आहे.

इकडे सायलीने 'वादळ' लावलं. वारा, पाऊस, वीज, सगळी बटणं एकदम. लाटा उसळल्या. अठ्ठावन्न. चौसष्ट. सत्तर. तिने जीभ दाताखाली धरली. बाहत्तर. त्र्याहत्तर. चौऱ्याहत्तर.

आणि तिथेच. घरी बसला होता तिथेच. विमान एकदाचं धावपट्टीवर उतरेपर्यंत आकडा चौऱ्याहत्तरवरून हलला नाही. नदीत एकही हिरवा ठिपका नाही.

सायलीने वायर परत भिंतीला लावली.

तिसरा अंक तुम्ही पाहिलाच आहे. सगुणदादा होडीत उभा राहून ओरडला, "ये, बघतो किती जोर आहे तुझ्यात!" आणि सायलीने लाट उचलली. तो वाक्य विसरला तेव्हा लाट वरच्या वर धरून ठेवली, आठवलं तेव्हा सोडली. पुढच्या रांगेतल्या बाया पाय वर घेऊन बसल्या. होडी पैलतीराला लागली तेव्हा मांडवात जो काय गोंधळ झाला! आणि मागे सायली खुर्चीत अशी सैलावली होती, जणू स्वतःच वल्हवून आली.

नाटक सुटल्यावर सगुणदादा मागे आला, अर्धी दाढी लोंबत, घामाघूम. "सायली! काय वादळ होतं गो!" तिने तळहात पुढे केला. त्यावर करपलेलं फूल आणि दोरा.

"हे काय?"

तिने सगळं सांगितलं. त्र्याऐंशी आकडा ऐकला तेव्हा त्याचा चेहरा रंगाखालीसुद्धा पांढरा पडलेला दिसला. तो वाकला, कार्डाकडे बघितलं, कान लावला, दोन्ही पंख्यांचा आवाज ऐकला. आणि मग जो हसत सुटला तो थांबेना, खाली बसून हसला, दाढी पूर्ण निघून पडली.

तेवढ्यात देवकीकाकू शाबासकी द्यायला आलेली. तिला कळलं तेव्हा ती जरा गोरीमोरी झाली. पण फक्त जरा.

"म्हणजे माझ्या फुलामुळे?"

"काकी," सगुणदादा डोळे पुसत म्हणाला, "पूजा कर हो, पण झाकण लावून. बाहेरून."

"आणि वास खंयचो इलो ह्या चेडवाक, ह्या पोरीक? फुलाचो मगे! फुलाचो वास इलो म्हणून तिका कळला. प्लास्टिकाच्या वासाची वाट बघीत बसली असती तर तुझा कार्ड आज खंय असता?"

सगुणदादाने दोन्ही हात जोडले. तुम्ही सांगा, काकूचं काही चुकलं?

मग सायलीला एकदम आठवलं की सकाळपासून पोटात काही नाही. मांडवाबाहेरच्या गाड्यावर तिने दोन प्लेट भाजी-पाव खाल्ले, तिसरा सगुणदादाच्या प्लेटमधून उचलला. त्याने प्लेटच तिच्याकडे सरकवली.

सोमवारी तो कार्ड घेऊन गेला, त्याच टॉवेलात, मांडीवरच. जाताना म्हणाला, "तो तुझा 'वादळ'चा आकडा पाठव मला. मीसुद्धा तेवढाच ठेवतो." संध्याकाळी त्याचा मेसेज आला, चालू आहे, दोन्ही पंखे व्यवस्थित, ताप एकोणसत्तर. आणि खाली फोटो. कॉम्प्युटर, झाकण नीट लावलेलं, चारही स्क्रू घट्ट पिळलेले. वर मधोमध एक ताजं झेंडूचं फूल.